जळाला एक, जाळणारा दुसराच : सर्किट बोर्ड दुरुस्तीवर वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बऱ्याच पत्रांत सूर एकच आहे : ‘पार्ट बदलला, तोही गेला.’ म्हणून उत्तरांत पार्ट कसा ओळखायचा याइतकंच तो का गेला हेही घेतलं आहे. कपॅसिटरला बाजारात कंडेन्सर म्हणतात, आम्हीही तेच म्हटलंय. आणि आधीच एक बजावून ठेवतो. खालच्या बहुतेक बोर्डांवर २३० व्होल्ट उघडे असतात. पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्यापेक्षा १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स वायर लावून पाच-दहा सेकंद पायांवर धरा, मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा.

प्रश्न : वाय-फाय राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर मीटरवर बरोबर १२ व्होल्ट दाखवतो, पण राउटर दर दोन मिनिटांनी बंद-चालू होतो. दुसरा अडॅप्टर लावला की राउटर नीट चालतो. व्होल्टेज बरोबर असताना अडॅप्टर खराब कसा? — बारामती

कारण तुम्ही तो रिकामा मोजताय. ओझं न देता बैल तपासण्यातला प्रकार आहे. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब अडॅप्टरला लावा. तो साधारण पाऊण-एक अँपिअर ओढतो. आता मीटर लावा. आकडा ११.५ च्या खाली घसरला किंवा बल्ब थरथरला, तर आउटपुटचा कंडेन्सर सुकला आहे असं जवळजवळ धरून चाला.

आत ट्रान्सफॉर्मरच्या वायरकडच्या बाजूला बहुधा १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक कंडेन्सर असतो. कधी कधी दोन असतात आणि मध्ये छोटं कॉइल असतं. डोक्यावरची फुली फुगलेली दिसली तर प्रश्नच मिटला. पण सपाट डोक्याचा कंडेन्सरही मेलेला असू शकतो, कारण तो कधी बुडाकडून फुगतो, कधी नुसताच आतून सुकतो. साध्या मीटरवर त्याची क्षमता ८०० ते ९०० मायक्रोफॅरड येईल आणि तुम्ही फसाल. बिघडलेला असतो त्याचा अंतर्गत रोध, ज्याला ईएसआर म्हणतात. तो चांगल्या लो-ईएसआर कंडेन्सरमध्ये ओहमच्या काही शतांश भागांइतका असतो आणि सुकल्यावर एक-दोन ओहमवर जातो. ईएसआर मीटर नसेल तर तपासत बसू नका, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, बदलून बघा.

नवीन घेताना १०५ अंश सेल्सिअसचा, लो-ईएसआर आणि १६ ऐवजी २५ व्होल्टचा मागा. मात्र व्यास आणि उंची मोजून घ्या, नाहीतर डबी बंद होणार नाही. कंडेन्सरवरचा पांढरा पट्टा वजा बाजू दाखवतो. बोर्डावर छापलेल्या वर्तुळाचा भरीव अर्धा भाग बहुतेक वेळा वजा असतो, पण जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवणं सगळ्यात खात्रीचं. दोन कंडेन्सर असतील तर दोन्ही बदला. ट्रान्सफॉर्मरकडच्याला जास्त मार बसतो, दुसराही त्याच वयाचा असतो.

तो सुकला का? १०५ अंशाला २००० तास असं आयुष्य कंपनी सांगते आणि तापमान दर १० अंशांनी कमी झालं की ते साधारण दुप्पट होतं. डबीच्या आत ७५ अंश असतील तर १६,००० तास, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या राउटरचे दोन वर्षांपेक्षाही कमी. त्यामुळे नवीन कंडेन्सर टाकून अडॅप्टर पुन्हा टीव्हीमागच्या बंद कप्प्यात कोंबलात, तर आपली पुन्हा भेट होईल.

अडॅप्टर पूर्ण बंद असून आतून टिक-टिक आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आठ पायांच्या आयसीजवळचा छोटा कंडेन्सर बघा, १० ते ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा. तो सुकला की आयसी सुरू होऊन लगेच उपाशी पडतो. असाच आवाज आउटपुटचा डायोड शॉर्ट झाल्यावरही येतो, म्हणून आधी डायोड मोजा. आणि इनपुट-आउटपुटच्या मध्ये पूल बांधल्यासारखा निळा चकतीचा कंडेन्सर असतो, त्याच्या जागी साधा सिरॅमिक कधीही लावू नका. त्यावर वाय-१ छापलेलं असतं. तो शॉर्ट झाला तर मेन लाईन थेट राउटरच्या वायरमध्ये उतरते.

प्रश्न : इंडक्शन शेगडीचा फ्यूज उडाला. आत आयजीबीटी (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा स्विच) शॉर्ट निघाली. नवीन टाकली, सुरू करताच फटाका. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. दोन आयजीबीटी आणि तीन फ्यूज गेले. माल डुप्लिकेट आहे का? — जळगाव

डुप्लिकेट असू शकतो, बाजारात जुन्या बोर्डावरून काढून घासून पुसून विकलेला मालही असतो. पायांवर सोल्डरचा मागमूस दिसतो का ते बघून घ्यावं. पण लागोपाठ दोन त्याच क्षणी गेल्या म्हणजे दोष बोर्डात शिल्लक आहे.

आयजीबीटी मरते तेव्हा तिचे कलेक्टर (मोठ्या व्होल्टेजचा पाय) आणि गेट (चालू-बंदचा हुकूम घेणारा पाय) आतल्या आत एकत्र होतात. गेटकडून १८ व्होल्ट यायचे, त्याच रस्त्याने सव्वातीनशे व्होल्ट उलटे जातात. वाटेत गेटचा १० ते ३३ ओहमचा रेझिस्टन्स, १८ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्याहून वर जाऊ न देणारा डायोड) आणि ड्रायव्हरची ट्रान्झिस्टर जोडी असते. ही जोडी पुष्कळ बोर्डांवर ८०५० आणि ८५५० अशी असते. हे सगळं भाजून निघतं, बाहेरून मात्र काही दिसत नाही. त्यांना न बदलता नवीन आयजीबीटी टाकली की गेटला पूर्ण १८ व्होल्ट मिळत नाहीत, ती अर्धवट उघडी राहते आणि क्षणात जळते. म्हणून आयजीबीटी, गेट रेझिस्टन्स, झेनर आणि दोन्ही ट्रान्झिस्टर हा एकच संच समजा. मोजून चांगले वाटले तरी ड्रायव्हरची जोडी बदलाच.

आता क्रम सांगतो. पिन काढलेली, मोठे कंडेन्सर रिकामे केलेले, कॉइलचे दोन्ही स्क्रू सोडलेले.

ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) : मीटर डायोडवर. चारही डायोड एका दिशेने ०.४५ ते ०.६ दाखवतील, उलट दिशेने काही नाही. एकही शून्य आला तर ब्रिज बदला. आयजीबीटी शॉर्ट झालेल्या शेगडीत ब्रिजही बऱ्याचदा जातो.

आयजीबीटी : छपाई आपल्याकडे धरली की डावीकडून गेट, कलेक्टर, एमिटर. इंडक्शनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एच२०आर१२०३ सारख्या १२०० व्होल्ट २० अँपिअरच्या पार्टमध्ये डायोड आतच असतो, म्हणून कलेक्टर-एमिटरमध्ये एका दिशेने ०.४-०.५ दिसणं बरोबर आहे. दोन्ही दिशांनी शून्य म्हणजे शॉर्ट. गेट-एमिटर सुट्या पार्टमध्ये पूर्ण ओपन हवं. बोर्डावर मोजाल तर तिथल्या रेझिस्टन्समुळे ५ ते १० किलोओहम येतील.

दोन मोठे चौकोनी कंडेन्सर : ब्रिजनंतरचा ५ मायक्रोफॅरडचा आणि कॉइलला समांतर असलेला १२०० व्होल्टचा ०.२७ किंवा ०.३ मायक्रोफॅरडचा. दोन्ही बोर्डावरून काढूनच मोजा. दुसऱ्याकडे विशेष लक्ष द्या. कॉइलमधली ऊर्जा दर आवर्तनात त्याच्यात उतरते. त्याची क्षमता घटली की तीच ऊर्जा कमी जागेत मावायला व्होल्टेज वर चढतं आणि १२०० ची मर्यादा ओलांडून आयजीबीटी फुटते. छापील आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून कमी दाखवत असेल तर ठेवू नका. तुमची पहिली आयजीबीटी यानेच घेतली असण्याची शक्यता मोठी आहे.

मोठ्या ओहमचे रेझिस्टन्स : कलेक्टरकडून आयसीकडे जाणाऱ्या रांगेत दोन-तीनशे किलोओहमचे दोन-तीन रेझिस्टन्स असतात. कॉइलचं व्होल्टेज खाली आलं की आयजीबीटी उघड, हा इशारा तेच देतात. त्यातला एक जरी ओपन झाला किंवा वाढला, तरी आयजीबीटी चुकीच्या क्षणी, भर व्होल्टेजवर उघडते. एक पाय उचलून मोजा.

पंखा आणि थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा पार्ट) : पंखा हाताने फिरवून बघा, आत तेलाचा चिकटा असतो. आयजीबीटीला चिकटवलेला थर्मिस्टर बऱ्याच मॉडेलांत २५ अंशाला १०० किलोओहमचा असतो. खोलीत ३५ अंश असतील तर ६५ च्या आसपास दिसेल. मेला समजू नका.

हे सगळं झाल्यावर लगेच फ्यूज टाकून पिन लावायची नाही. १०० वॉटचा तारेचा जुना बल्ब शेगडीच्या लाईनमध्ये सिरीजमध्ये घ्या. एलईडी चालणार नाही. शॉर्ट असला तरी बल्बमधून ०.४३ अँपिअरपेक्षा जास्त जात नाही, त्यामुळे नवीन पार्ट वाचतो. आयजीबीटी आणि कॉइल न लावता सुरू करा. बल्ब क्षणभर चमकून विझला पाहिजे, डिस्प्ले लागला पाहिजे. मीटरची काळी प्रोब ब्रिजच्या वजा पायाला, लाल प्रोबने ५ व्होल्ट आणि १८ व्होल्ट बघा. १८ च्या जागी १२-१३ आले तर पुढे जाऊच नका, आधी हे ५ आणि १८ व्होल्ट देणारा छोटा पुरवठा दुरुस्त करा. व्हायपर-१२ए आयसी आणि त्याच्याजवळचे छोटे कंडेन्सर हे तिथले नेहमीचे आरोपी. गेटच्या पॅडवर स्टँडबायमध्ये शून्य हवं. तिथे एक-दोन व्होल्ट तरंगत असतील तर ड्रायव्हर अजून आजारी आहे. तुमच्या दोन्ही आयजीबीटी याच पायरीवर वाचल्या असत्या.

मग आयजीबीटी बसवा, पुन्हा बल्बवर बघा. मग कॉइल, भांडं, आणि ऑन. बल्ब आता लुकलुकेल आणि शेगडी कमी व्होल्टेजची तक्रार करून बंद पडेल. बल्बवर एवढंच होणं अपेक्षित आहे. पण ऑन न करताच बल्ब भरून पेटला तर शॉर्ट अजून आहे. सगळं ठीक असेल तरच मूळ रेटिंगचा, १२ किंवा १५ अँपिअरचा सिरॅमिक फ्यूज टाकून अर्धा लिटर पाणी ठेवा आणि सर्वांत कमी वॉटवर सुरू करा.

हीट सिंक चालू शेगडीत चुकूनही शिवू नका. आयजीबीटीची धातूची पाठ म्हणजेच कलेक्टर, आणि ती बहुधा थेट ॲल्युमिनियमवर बसवलेली असते. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, लोण्यासारखी थापायची नाही.

आणि लाईन येते त्या टोकाची निळी किंवा पिवळी चकती तडकली असेल, तर आयजीबीटीकडे वळण्यापूर्वी घराची लाईन तपासा. ती एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा पार्ट आहे. १०डी४७१ मधला १० हा व्यास मिलिमीटरमध्ये, ४७१ म्हणजे ४७० व्होल्ट. खांबावर न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, ही चकती स्वतः फुटून फ्यूज उडवते आणि बाकीचं बोर्ड वाचवते. अशा वेळी कित्येकदा चकती आणि फ्यूज एवढ्यावर काम भागतं. चकतीशिवाय शेगडी चालेल, पण पुढच्या वेळी वाचवायला कोणी नसेल.

प्रश्न : बॅटरीवरच्या फवारणी पंपाच्या चार्जरमध्ये मॉस्फेटशेजारचा (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरशेजारचा) रेझिस्टन्स कोळसा झाला आहे. रंगाचे पट्टे ओळखू येत नाहीत. व्हॅल्यू कशी काढायची? — तासगाव

पट्ट्यांवर फार विसंबू नकाच. भाजल्यावर लाल आणि नारिंगी दोन्ही तपकिरी दिसतात, आणि तेवढ्या फरकाने व्हॅल्यू दहापट चुकते.

मॉस्फेटच्या सोर्स नावाच्या पायापासून मोठ्या कंडेन्सरच्या वजापर्यंत गेलेला रेझिस्टन्स असेल तर तो करंट मोजणारा आहे. मॉस्फेट शॉर्ट झाल्यावर हाच भाजतो, म्हणजे गुन्हेगार तो नाही. यूसी३८४३ घराण्यातला आयसी असेल तर त्याच्या तिसऱ्या पायावर १ व्होल्ट आला की तो मॉस्फेट बंद करतो. त्यावरून रेझिस्टन्स म्हणजे १ भागिले कमाल करंट. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या आसपासच्या चार्जरला हा साधारण पाऊण ते दीड ओहमचा येतो. दीडपासून सुरुवात करा. जास्त ओहम म्हणजे आयसी लवकर हात आखडता घेईल, नुकसान होणार नाही. पूर्ण चार्जिंगला दम लागत असेल तर १.२, मग १ असं खाली या. उलट कमी ओहमपासून सुरुवात करणारा मॉस्फेट गमावतो.

दुसऱ्या जागचा असेल तर वेगळा उपाय. मधोमध जळलेल्या फिल्म रेझिस्टन्सचा कोळसा ब्लेडने हलके खरवडा. एका टोकापासून जळलेल्या जागेपर्यंत मोजा, दुसऱ्या टोकापासूनही मोजा, बेरीज करा. मधला हरवलेला तुकडा धरून थोडं वर जा आणि जवळची प्रमाण व्हॅल्यू घ्या. त्याच बोर्डावर तशीच दुसरी शाखा असेल, उदाहरणार्थ दोन वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर, तर जोडीदाराला मोजणं सगळ्यात सोपं.

लाईनच्या अगदी तोंडाशी बसलेला ४.७ किंवा १० ओहमचा रेझिस्टन्स फ्यूजचंही काम करतो. त्याजागी फ्यूजिबल किंवा वायरवाउंडच टाका. साधा कार्बन पेट घेतो.

मॉस्फेट आणि हा रेझिस्टन्स दोन्ही गेले असतील तर आयसी आणि गेटचा रेझिस्टन्सही धरा. जळगावच्या उत्तरातलाच हिशोब इथेही लागू आहे.

प्रश्न : पाण्याच्या टाकीच्या ऑटोमॅटिक कंट्रोलरचा रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) संध्याकाळी तडतडतो, पंप सुरू होत नाही. सकाळी ठीक चालतो. बोर्डावर काहीही जळलेलं दिसत नाही. रिले बदलून झाला. — मंगळवेढा

रिले निर्दोष होता. ट्रान्सफॉर्मर नसलेलं बोर्ड असेल, तर लाईनवर बसलेला चौकोनी एक्स-२ कंडेन्सर तपासा, बहुधा ०.४७ ते १ मायक्रोफॅरडचा आणि २७५ व्होल्ट एसी छापलेला.

त्याच्यातून जाणारा करंट क्षमतेच्या प्रमाणात असतो. १ मायक्रोफॅरडला २३० व्होल्टवर सुमारे ७२ मिलिअँपिअर. या जातीच्या कंडेन्सरचा गुण असा की लाईनवर झटका आला की तो फुटत नाही, तेवढ्या जागेचा धातूचा पातळ थर उडवून स्वतःला सावरतो. गुण चांगला, पण प्रत्येक झटक्याला थोडी क्षमता जाते. काही वर्षांनी १ चा ०.३ झाला की २२ मिलिअँपिअर उरतात, आणि १२ व्होल्टच्या साध्या रिलेलाच ३० लागतात. संध्याकाळी लाईन १८० वर आली की आणखी खाली. म्हणून तो संध्याकाळी तडतडतो.

एक पाय मोकळा करून क्षमता मोजा. नवीन एक्स-२ च घ्या, ४०० व्होल्ट डीसीचा पिवळा फिल्म कंडेन्सर दिसायला सारखा असला तरी लाईनवर टिकणारा नाही. पायांतलं अंतर १५ की २२.५ मिलिमीटर हे बघून घ्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. आणि या बोर्डाची सगळीच बाजू, टाकीतल्या सेन्सरच्या वायरींसह, लाईनशी जोडलेली असू शकते. पंपाचा एमसीबी पाडल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही.

प्रश्न : आयटीआयला शिकतो. आयसी काढताना बोर्डाचे पॅड (पाय जिथे सोल्डर होतो ते तांब्याचे ठिपके) निघून येतात. माझी कावी (सोल्डरिंग आयर्न) २५ वॉटची आहे. — सिन्नर

उष्णता जास्त झाल्याने पॅड निघतात असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कावी थंड पडते, मग आपण ती दाबून धरतो, वीस सेकंद घासतो, आणि पॅडखालचा गोंद तेवढ्यात सुटतो. तपकिरी कागदी बोर्डावर हे फार लवकर होतं, हिरव्या ग्लास-एपॉक्सीवर थोडं उशिरा.

हल्लीचं कंपनीचं सोल्डर शिशाविना असतं, ते २१७ अंशांच्या वर वितळतं. आपलं ६०-४० चं १८३ ते १९० ला. म्हणून काढण्याआधी प्रत्येक डागावर (सोल्डरच्या जोडावर) थोडं ६०-४० सोल्डर आणि रोझिन (सोल्डर नीट वाहू देणारी राळ) घाला. दोन्ही मिसळली की वितळण्याचं तापमान खाली येतं आणि डाग सोल्डर ओढणाऱ्या पंपात एका दमात उठतो. तापमान ठरवता येणारी कावी असेल तर ३३० ते ३५०, आणि एका पायाला तीन सेकंद. तेवढ्यात नाही निघालं तर थांबा, बोर्ड निवू द्या, मग पुन्हा.

आयसी मेलेला आहे हे नक्की असेल तर अख्खा काढायचा हट्ट कशाला? बारीक कटरने पाय अंगाजवळ कापा, धड उचला, मग एकेक पाय चिमट्याने ओढा. पॅडला एकाच पायाची उष्णता लागते. नवीन जागी आयसीचा सॉकेट बसवून टाका.

ग्राउंडच्या मोठ्या तांब्यात बसलेला पाय २५ वॉटने निघत नाही. बोर्ड खालून हॉट एअरने हाताला चांगलं चटकेल इतकं गरम करा आणि जाड टोकाची कावी घ्या. टोकदार बिट इथे कामाची नाही.

निघालेल्या पॅडचं दुःख करत बसू नका. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवरचा हिरवा थर दोन-तीन मिलिमीटर खरवडा, तांबं सोल्डरने पांढरं करा, नवीन पार्टचा पाय त्यावर वाकवून डाग द्या. पट्टीच तुटली असेल तर एनॅमलची बारीक तार. पत्र्याच्या गोल डबीतली पिवळट पेस्ट मात्र बोर्डाला लावू नका. बऱ्याच डब्यांत झिंक क्लोराइड असतं. डाग सुंदर बसतो आणि काही महिन्यांत पट्टी हिरवी होऊन तुटते.

प्रश्न : लॅपटॉपला चार्जर लावला की चार्जरचाच दिवा विझतो. बोर्डावर शेकडो बारीक कंडेन्सर आहेत, त्यातला शॉर्ट कोणता हे कसं शोधायचं? — डोंबिवली

एकेक काढून मोजणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. शॉर्टलाच गरम होऊ द्या.

आधी बॅटरी काढा. डीसी जॅकनंतरच्या दोन मॉस्फेटच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडशी रोध मोजा. प्रोब एकमेकींना टेकवून मीटर जे ०.२-०.३ दाखवतो ते वजा करा. मुख्य १९ व्होल्ट लाईनवर एखादा ओहम आला तर शॉर्ट तिथे. पण प्रोसेसरच्या कॉइलवर एक-दोन ओहम दिसले म्हणून तिथे शॉर्ट समजू नका. तिथे तेवढंच असतं, चांगल्या बोर्डातही.

मग बेंच पुरवठ्याने (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणाऱ्या पुरवठ्याने) त्या लाईनला १ व्होल्ट द्या, करंटची मर्यादा १ अँपिअर, हळूहळू ३ पर्यंत. एकच व्होल्ट का? शॉर्ट कंडेन्सरमध्ये नसून प्रोसेसरला वीज देणाऱ्या जोडीतल्या वरच्या मॉस्फेटमध्ये असेल तर दिलेलं व्होल्टेज थेट प्रोसेसरवर पोचतं. १ व्होल्ट तो सोसतो, १९ नाही. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडा. जिथे सगळ्यात आधी सुकेल तो पार्ट. तो काढा, लाईन पुन्हा मोजा.

सिरॅमिक कंडेन्सर बोर्ड वाकल्याने तडकतात, म्हणून स्क्रूच्या भोकांजवळचे आणि जॅकजवळचे आधी बघा. १९ व्होल्ट लाईनवर २५ व्होल्ट किंवा जास्तीचाच टाका. पिवळा किंवा काळा टँटलम कंडेन्सर असेल तर सावधान. त्याच्यावरचा पट्टा अधिक बाजू दाखवतो, ॲल्युमिनियमच्या बरोबर उलट. उलटा बसवलेला टँटलम पेटतो.

प्रश्न : वॉशिंग मशीनमध्ये बंद असतानाही पाणी शिरत राहतं. बोर्डावर काचेसारखा जाड थर ओतलेला आहे, आत कसं पोचायचं? — मालवण

मशीनची पिन काढल्यावर पाणी थांबत असेल तर दोष बोर्डाचा. पिन काढूनही येत असेल तर व्हॉल्व्हमध्ये वाळू किंवा क्षार अडकलाय, बोर्डाला हात लावू नका.

बोर्डाचा असेल तर इनलेट व्हॉल्व्हच्या वायरीपासून पट्टी मागे पकडत या, एक छोटा तीन पायांचा ट्रायॅक (व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा स्विच) भेटेल. त्याच्या दोन मुख्य पायांमध्ये मीटर शून्य दाखवेल. पण व्हॉल्व्हचं कॉइलही मोजा, ते साधारण ३ ते ५ किलोओहमचं असतं. काहीशे ओहमवर उतरलं असेल तर ट्रायॅक त्यानेच मारला, नवीनही मरेल.

थर मऊ असतो. हेअर ड्रायरने कोमट करून ब्लेडने ट्रायॅकभोवतीची चौकट कापा, तेवढाच तुकडा उचला. कावीने तो थर जाळत आत शिरू नका, धूर वाईट असतो आणि काजळीतून वीज वाहते. खाऱ्या हवेने हिरवे झालेले डाग दिसले तर अल्कोहोल आणि जुन्या दातांच्या ब्रशने साफ करून पुन्हा सोल्डर द्या.

उघडी खिडकी परत बुजवायची ती न्यूट्रल क्युअर सिलिकॉनने. काचेच्या दुकानात मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. भरल्यावर चोवीस तास सुकू द्या, मग मशीन लावा.